नळीची वाट

पावसाळ्यात नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहिले की एक विलक्षण दृश्य दिसते. कड्यावरून खाली झेपावणारे पाणी खाली पोचतच नाही. कोकणातून सुटलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो, तिथल्या खिंडीत आणि खोबणीत कोंडतो, त्याचा वेग वाढतो आणि तो त्या पाण्याला उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. खाली वैशाखऱ्याच्या शेतात हाच वारा भाताचे पीक नुसते डोलवत असतो. वारा तोच, वाट बदलली की त्याचे सामर्थ्य बदलते.

या तत्त्वाचा एक लहानसा धातूचा अवतार प्रत्येक मोटारीच्या इंजिनावर बसवलेला असतो. त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाने या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकाला पडणे रास्त आहे. त्याचे उत्तर धसईच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे आहे.

१

धसई हे मुरबाड तालुक्यातले बाजाराचे गाव. २०१६ च्या डिसेंबरात राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांत गाजले, एवढे पुष्कळांना आठवत असेल. माझा विद्यार्थी तिथला. पदवीनंतर तो गॅरेजच्या धंद्यात गेला आणि काही वर्षांनी त्याने एक जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली. औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाने २००१ साली गाड्या जोडायला सुरुवात केली. तिथून २००४ साली बाहेर पडलेली ही गाडी भारतीय बाजारातल्या पहिल्या टर्बो पेट्रोल गाड्यांपैकी एक. इंजिन १७८१ सीसीचे, वीस व्हॉल्व्हचे, ताकद दीडशे अश्वशक्तीची. माझ्या विद्यार्थ्याला ती दुप्पट करायची होती. त्याने मोठा टर्बो बसवला, आणि एका कारागिराकडून पत्र्याचा, वेल्डिंग केलेला, मोठ्या पोटाचा मॅनिफोल्ड करून घेतला.

एका श्रावणात माळशेज घाट चढताना, धुक्यात एका ट्रकला ओलांडण्यासाठी त्याने पाय दाबला आणि मोठा आवाज झाला. मॅनिफोल्डचा सांधा उकलला होता. इंजिन गचके खाऊन बंद पडले. गाडी उतारावरून मागे सरकू लागली. त्याने ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा अर्धवट, आणि तिसऱ्यांदा पेडल दगडासारखे घट्ट झाले. हातब्रेक ओढून आणि मागचे चाक डोंगराच्या बाजूच्या दरडीला टेकवून त्याने गाडी थांबवली. मागून एसटी येत होती. तिच्या चालकाने वेळेवर पाहिले म्हणून पुढचे टळले.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. त्याच्याजवळ इंग्रजी मजकुराचा एक गठ्ठा होता: वेगवेगळे मॅनिफोल्ड, त्यांचे आलेख, त्यांचे दावे. ‘सर, एवढे समजावून सांगा. यातला कोणता घ्यावा?’ मी त्याला इंग्रजीचा अर्थ सांगत होतो आणि तो मला इंजिनाचा. त्या आठ-दहा दिवसांत माझ्या लक्षात आले की त्याच्या प्रश्नाला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात त्याच्या प्रश्नाचे उत्तरही आहे.

२

प्रथम वस्तू समजून घेऊ. इंग्रजीतल्या ‘मॅनिफोल्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ अनेकविध, अनेकपदरी असा. हवा एका तोंडाने आत येते आणि अनेक नळ्यांतून एकेका सिलिंडरकडे जाते. म्हणजे त्याचे भाग मुख्यतः दोन: एक कोठी, जिला तंत्रज्ञ प्लेनम म्हणतात, आणि त्या कोठीतून निघालेल्या नळ्या, ज्यांना ते रनर म्हणतात. कोठीच्या तोंडाशी थ्रॉटलची झडप असते. आपण पायाने जी उघडतो ती हीच.

कोठीचे काम समजायला भजनी मंडळातली पेटी पुरे. पेटीवाला हाताने बाहेरचा भाता हलवतो, पण ती हवा थेट सुरांकडे जात नाही. आत स्प्रिंगांनी दाबलेला दुसरा भाता असतो, त्यात ती साठते आणि तिथून सगळ्या पट्ट्यांना सारख्या दाबाने मिळते. हाताचा झटका सुरात उतरू नये यासाठी ही योजना आहे. मॅनिफोल्डची कोठी हेच करते. वर सांगितलेले १७८१ सीसीचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेते तेव्हा त्याला, टर्बोशिवायही, मिनिटाला सुमारे ५,३०० लिटर हवा लागते. वीस लिटरच्या डब्यांचा हिशेब केला तर अडीचशेहून अधिक डबे. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला की हा हिशेबही जवळजवळ दुप्पट होतो. प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पन्नास वेळा श्वास घेत असतो, आणि चारही सिलिंडर एकाच कोठीतून तो घेतात.

नळ्यांचे काम समजायला बासरी घ्यावी. लांब बासरीचा सूर खर्जातला, आखूड बासरीचा तारातला. नळीतल्या हवेला तिच्या लांबीप्रमाणे स्वतःचे असे एक आंदोलन असते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला आणि पिस्टन खाली ओढला गेला की नळीत कमी दाबाची एक लाट उठते. ती ध्वनीच्या वेगाने कोठीच्या तोंडापर्यंत धावते, तिथे उलटते आणि जास्त दाबाची लाट होऊन परत येते. व्हॉल्व्ह बंद होण्याच्या सुमारास ती पोचली तर जाता जाता आणखी थोडी हवा आत ढकलते. उशिरा पोचली तर दार बंद झालेले असते. फार लवकर पोचली तर तिचा जोर वाया जातो. नळी लांब असेल तर लाटेला यायला वेळ लागतो, म्हणून ती संथ फेऱ्यांना साजते. नळी आखूड असेल तर ती जलद फेऱ्यांना साजते. एकाच लांबीची नळी दोन्हींकडे सारखा न्याय करू शकत नाही. मॅनिफोल्डच्या निवडीतली मूळ अडचण हीच आहे.

३

आता इतिहास. इंजिनात हवा कोंबण्याची कल्पना जुनी आहे. पण इंजिनाच्याच धुराच्या रेट्याने चाक फिरवून त्या चाकाने हवा कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. ती व्यवहारात उतरायला वीस वर्षे लागली. १९२६ साली ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ब्युखीच्या पद्धतीची डिझेल इंजिने चालू झाली आणि १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले.

या दोन सालांच्या मध्ये पहिले महायुद्ध येते. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. १९१८ साली अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन ट्रकवर घालून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. सपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ती देणारे इंजिन शिखरावर २३० देत होते. टर्बो जोडल्यावर तिथेच ते ३५६ देऊ लागले. माळशेजचा माथा सातशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. मॉसच्या शिखरापुढे हे काहीच नाही, परंतु घाट चढणाऱ्या जुन्या गाडीच्या चालकाला तेवढाही फरक पायाला जाणवे.

आपल्या भागातल्या लोकांनी टर्बो पहिल्यांदा ऐकला तो बहुधा रेल्वेच्या रुळांवर. भारतीय रेल्वेने १९६२ पासून अमेरिकन आल्को कंपनीच्या बनावटीची डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिने आणली आणि पुढे ती वाराणसीला बनू लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. कल्याणच्या डिझेल शेडने ही इंजिने वर्षानुवर्षे सांभाळली. गाडी सुटताना त्यातून काळ्या धुराचा जो लोट उठत असे त्याचे कारण टर्बोच होते. चालक मूठ पुढे करी, तेल लगेच वाढे, पण टर्बोचे चाक वेग घेईपर्यंत हवा कमी पडे. न जळलेले तेल काजळी होऊन बाहेर पडे. तंत्रज्ञ ज्याला ‘टर्बो लॅग’ म्हणतात त्याचे इतके उघड प्रात्यक्षिक दुसरे नाही. त्याच १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि मोठी डिझेल इंजिने महाराष्ट्रात बनू लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जहाजाचे इंजिन दिवसचे दिवस जवळजवळ एकाच गतीने चालते. आल्कोच्या इंजिनाची कमाल गती मिनिटाला हजार फेऱ्यांची. अशा इंजिनाची गती ठरलेली आणि पट्टा अरुंद, त्यामुळे त्याच्या हवेची वाट ठरवणे तुलनेने सोपे असते. रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीचे तसे नाही. मुरबाडच्या बाजारात ती हजार-दीड हजार फेऱ्यांवर रांगते, मोकळ्या रस्त्यावर तीन हजारांवर चालते आणि ओव्हरटेक करताना सहा-साडेसहा हजारांवर जाते. एवढ्या रुंद पट्ट्यात नळीची लांबी कोणासाठी ठरवायची?

४

हा प्रश्न मोटारींच्या जगात विसाव्या शतकाच्या मध्यावर ठळक झाला. कार्ब्युरेटरच्या काळात मॅनिफोल्डमधून हवेबरोबर पेट्रोलही जाई. लांब, गार नळीत ते भिंतीला थेंबाथेंबाने चिकटे, म्हणून नळ्या शक्यतो आखूड ठेवून त्यांना एक्झॉस्टची ऊब देत. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाऊ लागले. नळीतून फक्त हवा जाणार म्हटल्यावर अभियंत्यांना तिची लांबी लाटेच्या हिशेबाने ठरवण्याची मुभा मिळाली, आणि त्या इंजिनावर लांब, वळणदार नळ्या आल्या.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीचे. १९६० सालच्या ३००-एफ या गाडीत त्यांनी तीस इंच लांबीच्या नळ्या इंजिनावरून आडव्या, एकमेकींना ओलांडत नेल्या. त्या गाडीची ताकद ३७५ अश्वशक्ती, आणि तिची सर्वाधिक ओढ २,८०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे रोजच्या वापराच्या गतीला. ज्यांना शर्यत करायची होती अशा मोजक्या गिऱ्हाइकांसाठी कंपनीने दुसरी आवृत्ती काढली. तिच्या नळ्या बाहेरून अगदी तशाच. फक्त आतली दुभाजक भिंत निम्म्यावर संपवलेली, त्यामुळे नळीची खरी लांबी पंधरा इंच. ताकद चारशे अश्वशक्ती झाली, पण खालच्या फेऱ्यांतली ओढ कमी झाली. निम्मी नळी, वरचे फेरे: लाटेचा हिशेब इतका सरळ क्वचितच दिसतो. ‘चारशे’ या आकड्याला भुलून ही गाडी रोजच्या वापरासाठी घेणारा माणूस पंचवीस अश्वशक्ती मिळवत होता आणि दिवसभर लागणारी ओढ गमावत होता.

दोन वर्षांनी, १९६२ साली, ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो बसवलेली पहिल्या गाड्यांपैकी एक गाडी अमेरिकन बाजारात आली. दाबलेल्या गरम हवेने इंजिन ठोकू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई आणि त्याची टाकी मालकाने भरत राहावी अशी अपेक्षा होती. मालकांनी ती भरली नाही. टाकी रिकामी झाली की गाडी आपला दाब कमी करून घेई, आणि तक्रारी वाढत. अखेर कंपनीने पुष्कळ गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. प्रयोगशाळेत ते यंत्र उत्तम होते. ते ज्याच्या हाती जाणार त्याच्या दिनक्रमाचा विचार झाला नव्हता.

तो विचार स्वीडनच्या साब कंपनीने केला. १९७८ च्या साब ९९ टर्बोवर पेर गिल्ब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम लहान टर्बो बसवला. शिखरावरची ताकद थोडी कमी पडली तरी चालेल, रोजच्या फेऱ्यांत गाडीने ओढले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास शर्यतीच्या जगात उलट दिशेची धाव चालू होती. रेनॉने १९७७ साली फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला, १९७९ साली तो दिजाँला जिंकला, १९८३ साली बीएमडब्ल्यूच्या दीड लिटरच्या इंजिनावर नेल्सन पिके जगज्जेता झाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पात्रता फेरीपुरती अशी इंजिने हजार अश्वशक्तीच्या पलीकडे गेली. ती काही मोजक्या फेऱ्या टिकली तरी पुरत. आज मॅनिफोल्डच्या जाहिरातींत जी भाषा दिसते ती या दुसऱ्या परंपरेची आहे. तो मॅनिफोल्ड विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या परंपरेतला असतो.

दोन्ही परंपरांचा मेळ घालण्याचे प्रयत्नही झाले. १९९१ साली ल मॉंची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी या गाडीच्या नळ्या दुर्बिणीसारख्या लांब-आखूड होत. फेरे वाढले की नळी आपोआप आखडे. हे उत्तर सुंदर आहे, परंतु ते ज्याला परवडते त्याला निवडीचा प्रश्नच पडत नाही.

महाराष्ट्रात टर्बो घराघरांत आला तो मात्र साबच्या वाटेने. १९९८ साली पुण्यातून टाटा सफारी आली, २००२ साली नाशिकमधून महिंद्रा स्कॉर्पिओ. दोन्ही टर्बो डिझेल, दोन्ही खालच्या फेऱ्यांत ओढणाऱ्या. २०१३ साली चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली तेव्हा सव्वा लिटरहूनही लहान टर्बो पेट्रोल इंजिन मध्यमवर्गाच्या दारात उभे राहिले. या गाड्यांच्या मॅनिफोल्डकडे कोणी पाहिले नाही, कारण ते रस्त्यासाठी केलेले होते आणि रस्त्यावर निमूटपणे काम करत होते.

५

आता धसईच्या प्रश्नाकडे वळू. माझ्या विद्यार्थ्याच्या गठ्ठ्यातल्या बहुतेक मजकुराचा सूर असा होता की टर्बो असला की नळ्यांच्या लांबीला महत्त्व उरत नाही. हवा दाबूनच येते, तेव्हा मोठी कोठी आणि आखूड नळ्या घ्याव्यात. हे अर्धसत्य आहे. टर्बो कोठीतली हवा दाट करतो हे खरे, पण त्या दाट हवेतही लाट उठतेच आणि तिचा फायदा-तोटा त्याच प्रमाणात होतो. शिवाय योग्य लांबीच्या नळीमुळे खालच्या फेऱ्यांत सिलिंडर जास्त भरला, तर धूरही जास्त निघतो आणि टर्बोचे चाक लवकर वेग घेते. आखूड नळीने वर जे मिळते त्याची किंमत खाली उशिराच्या रूपाने मोजावी लागते.

मी त्याला म्हशाच्या यात्रेची आठवण दिली. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौषात मोठा बैलबाजार भरतो. तिथे जाणता शेतकरी बैल घेताना ‘सर्वांत वेगवान कोणता’ असे विचारत नाही. शर्यतीचा बैल वेगळा, चिखलणीचा वेगळा. गुडघाभर चिखलात दिवसभर औत ओढायचे आहे की घटकाभर धावायचे आहे, हे आधी ठरते. मग खूर, खांदा, वय पाहिले जाते. मी त्याला म्हणालो, ‘तुझ्या गाडीचे एका आठवड्याचे फेरे लिही.’ त्याने लिहिले. धसई ते मुरबाड, मुरबाड ते कल्याण, महिन्यातून एकदा माळशेज. बहुतेक सगळा काळ दोन ते साडेचार हजार फेऱ्यांत जात होता. सहा हजारांच्या वर गाडी आठवड्यातून काही सेकंद जाई. आणि आलेखावरचा ज्या आकड्यासाठी तो पैसे मोजणार होता, तो आकडा त्या काही सेकंदांतला होता.

लांबीचा प्रश्न असा सुटला. उरलेले प्रश्न माझ्या मते त्याहून महत्त्वाचे होते.

पहिला प्रश्न समान वाटपाचा. पुष्कळ मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटल एका टोकाला असतो. वेगाने आलेली हवा पहिल्या नळीच्या तोंडावरून पुढे निघून जाते आणि शेवटच्या टोकाशी साचते. म्हणजे एका सिलिंडरला हवा जास्त, दुसऱ्याला कमी. इंजिनाचा संगणक मात्र सर्वांना सारखे पेट्रोल देतो, आणि मिश्रण बरोबर आहे की नाही हे एकत्र झालेल्या धुरावरून ताडतो. सरासरी ठीक दिसते. पण ज्या सिलिंडरला हवा जास्त मिळाली त्याचे मिश्रण पातळ झालेले असते, तो जास्त तापतो, ठोकू लागतो आणि एक दिवस त्याचा पिस्टन वितळतो. वर्गाच्या निकालाची सरासरी चांगली असताना मागच्या बाकावरचा मुलगा बुडत असतो, हे आम्हा शिक्षकांना नवे नाही. म्हणून कोठी पुरेशी मोठी हवी. साधारण इंजिनाच्या घनफळाएवढी ते दीडपट, असा अनुभवी कारागिरांचा अदमास आहे. तिचे पोट हवेच्या प्रवेशाकडून टोकाकडे निमुळते होत गेलेले बरे. आणि नळ्यांची तोंडे तुतारीसारखी फुललेली हवीत. कापलेल्या धारदार तोंडाशी हवा फाटते.

दुसरा प्रश्न बळाचा. कोठीची एक सपाट बाजू तीस सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद धरा. क्षेत्रफळ तीनशे चौरस सेंटिमीटर. टर्बोने वातावरणाच्या वर दीड पट दाब दिला तर त्या एका बाजूवर सुमारे साडेचारशे किलोचा रेटा येतो, आणि तो प्रत्येक ओव्हरटेकला येतो आणि जातो. पातळ पत्र्याची सपाट भिंत दर वेळी फुगते, दर वेळी बसते, आणि सांधा थकतो. माळशेजला जे झाले ते असे झाले. म्हणून ओतीव मॅनिफोल्ड, किंवा गोलाई दिलेला, आतून आधार असलेला जाड पत्रा. मूळ कंपन्यांचे प्लॅस्टिकचे मॅनिफोल्ड गुळगुळीत आणि हलके असतात, उष्णता कमी धरतात. मात्र ते ठरावीक दाबासाठी केलेले असतात, आणि दाब वाढवणाऱ्याने त्यांच्या सांध्यांवर भरवसा ठेवू नये.

तिसरा प्रश्न ब्रेकचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटला. पाय थ्रॉटलवरून काढला की कोठीत ओढ निर्माण होते. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा बूस्टर ही ओढ वापरतो. एकमार्गी झडपेमुळे थोडी ओढ त्यात साठून राहते, ती एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरती. सांधा उकलला की नवी ओढ येत नाही. म्हणून त्याचे पेडल तिसऱ्या वेळी दगड झाले. हवेच्या वाटेतला दोष असा ब्रेकपर्यंत पोचतो, हे जाहिरातीत कुठेही लिहिलेले नसते. नवा मॅनिफोल्ड बसवण्याआधी त्याची तोंडे बंद करून, आत हवा भरून, साबणाचे पाणी लावून तपासावे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून जे करतो तेच हे. त्याला वेगळी विद्या लागत नाही.

चौथा प्रश्न उष्णतेचा. तीस अंशांची हवा दाबून दुप्पट केली की ती गणिताने पंचाण्णव अंशांच्या आसपास जाते, आणि प्रत्यक्षात शंभराच्या पुढे. गरम हवा विरळ असते आणि इंजिनाला ठोकायला लावते. तेव्हा मॅनिफोल्डवर सगळे पैसे घालण्याआधी इंटरकूलरकडे पाहावे. मोठ्या कोठीत गरम हवा भरून काही साधत नाही.

पाचवी बाब कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत असे फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई स्पष्ट केली. ताकद दुप्पट केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा केली पाहिजे. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो. आणि त्या अपघातात दुसरे कोणी सापडले तर प्रश्न पैशांचा राहत नाही. हे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याने मान खाली घातली, कारण मागून येणारी ती एसटी आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होती.

६

शेवटी त्याने काय केले? त्याने मोठा टर्बो विकून टाकला आणि एक मध्यम आकाराचा घेतला. तीनशेचा हट्ट सोडला. गाडीचा मूळचा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड गॅरेजच्या माळ्यावर धूळ खात पडला होता, तो खाली काढून, आतून साफ करून, साबणाच्या पाण्याने तपासून पुन्हा बसवला. वाचलेल्या पैशांत इंटरकूलर आणि ब्रेक. कागदपत्रांसाठी त्याचे हेलपाटे अजून चालू आहेत. ‘सर, एवढा इतिहास वाचून शेवटी जुनेच बसवले,’ असे तो हसत म्हणाला. मला ते खरे वाटले नाही. आधी तो मॅनिफोल्ड त्याला कारखान्यातून आयता मिळाला होता. या वेळी त्याने तो निवडला होता.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूने, मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून एक वाट वर चढते. तिला नळीची वाट म्हणतात. सह्याद्रीत नळी म्हणजे दोन कड्यांच्या मधली, दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. गडावर जायला खिरेश्वरची किंवा पाचनईची सोपी वाट असताना माणसे नळीच्या वाटेने चढतात, ती साहसासाठी. वर्षातून एकदा, दोर घेऊन, सोबत घेऊन. त्या वाटेने रोज दूध घेऊन कोणी जात नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरच्या पेठेत न्यायचा होता तेव्हा सातवाहनांच्या काळात नाणेघाट राबता केला गेला. तिथल्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे, वाटेवर दगडी रांजण आहे. चढणारा बैल ओझ्यासकट रोज चढू शकेल अशी ती वाट होती, म्हणून ती शतकानुशतके चालली.

त्या दिवाळीनंतर मी त्याच्या गाडीतून एकदा माळशेज चढलो. धुके नव्हते. एका ट्रकमागे आम्ही बराच वेळ तिसऱ्या गियरमध्ये होतो. पुढे रस्ता मोकळा दिसला तेव्हा त्याने पाय थोडासा दाबला आणि गाडी कुरकुर न करता पुढे सरकली. फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या आतच होता. सांधा उकलला होता त्या वळणावर त्याने एकदा, कारण नसताना, ब्रेकवर हलकेच पाय ठेवून पाहिला. पेडल मऊ होते. त्याने पाय उचलला आणि आम्ही माथ्याकडे निघालो.